विषाचा बोजा सातबाऱ्यावर का चढत नाही?

ठाणे-बेलापूर रस्त्यावर ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंत एक फेरी मारली तर दोन्ही बाजूंना काचेच्या उंच इमारती दिसतात. संगणक कंपन्या, कॉल सेंटर, डेटा सेंटर, मोठ्या उद्योगसमूहांची मुख्यालये. सकाळी रबाळे, घणसोली, कोपरखैरणे या स्टेशनांवर गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या तरुणांची गर्दी उतरते. यांतल्या बहुतेकांच्या जन्माआधी इथे रासायनिक कारखान्यांच्या चिमण्या होत्या आणि रात्री आकाशात जळत्या वायूची ज्योत दिसायची, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

कारखाने गेले आणि कार्यालये आली, ही गोष्ट आपण ‘विकास’ या एका शब्दात गुंडाळून टाकतो. पण कारखाना बंद होतो तेव्हा त्याची यंत्रे भंगारात जातात, कामगार घरी जातात, मालक दुसऱ्या धंद्यात जातो. जमीन मात्र तिथेच राहते. तीस-पस्तीस वर्षे त्या जमिनीत जे मुरले, तेही तिथेच राहते. त्याचा हिशेब कुणी ठेवला? या पट्ट्याचा इतिहास चाळताना वारंवार हाच प्रश्न समोर येतो.

खाजण, मिठागर आणि कोळीवाडा

औद्योगिक पट्टा होण्यापूर्वी इथे दिघा, ऐरोली, रबाळे, गोठिवली, तळवली, घणसोली, कोपरखैरणे, महापे, पावणे, तुर्भे अशी आगरी-कोळ्यांची गावे होती. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी. मधल्या सखल पट्टीत बांध घालून, उघाड्या बसवून भरतीचे पाणी अडवायचे आणि खाजणात भात पिकवायचा. पावसाळा सरला की मिठागरांवर काम. खाडीत बोई, निवटी, कोळंबी, चिंबोरी. फार श्रीमंती नव्हती, पण वर्षभराचे चक्र चालत होते.

मुंबई बेटावरची गर्दी वाढू लागली तशी सरकारची नजर खाडीपलीकडे गेली. १९५८ साली नेमलेल्या बर्वे अभ्यासगटाने खाडीवर पूल बांधून पलीकडे वस्ती आणि उद्योग नेण्याची कल्पना मांडली. पुढे गाडगीळ समितीनेही मुंबईतील उद्योगांच्या विकेंद्रीकरणाची बाजू घेतली. दरम्यान १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी स्थापन झाले. ठाणे खाडीपलीकडची सुमारे अडीच हजार हेक्टर जमीन या महामंडळाच्या ‘टीटीसी’ औद्योगिक क्षेत्रात आली.

पाठोपाठ १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकात जुळ्या शहराची योजना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको आली आणि ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी करण्याचे ठरले. वाशीचा खाडीपूल १९७३ साली खुला झाला. म्हणजे क्रम असा की आधी कारखाने आले आणि शहर नंतर आले. पुढे जे घडले ते समजून घ्यायला हा क्रम लक्षात ठेवावा लागतो.

जमिनीच्या मोबदल्यासाठी या गावांनी मोठी किंमत मोजली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या रक्तातून आली. जमीन किती गेली आणि तिचा भाव काय, हा त्या लढ्याचा प्रश्न होता आणि तो रास्तच होता. गेलेल्या जमिनीचे पुढे काय केले जाणार, तिच्यात काय ओतले जाणार, हे विचारण्याची सवड त्या पिढीला कुणी दिली नाही.

कारखान्यांची तीस वर्षे

साठच्या दशकात भारताला रसायनांची भूक लागली होती. १९६६ साली तुर्भ्यासमोर, खाडीच्या अलीकडे ट्रॉम्बेत युनियन कार्बाइडने देशातला पहिला नाफ्था क्रॅकर सुरू केला. दोनच वर्षांत ठाणे-बेलापूर रस्त्यावर मफतलाल समूह आणि शेल यांच्या भागीदारीतील नोसिल सुरू झाली. तिच्या आसपास पॉलिओलेफिन्स, हर्डिलिया केमिकल्स आणि इतर अनेक कंपन्या आल्या. एका कारखान्याचे उत्पादन दुसऱ्याचा कच्चा माल. प्लास्टिक, फिनॉल, ॲसिटोन, रंगांची मध्यवर्ती रसायने, औषधे, कीटकनाशके, कॉस्टिक सोडा असे काय काय या पट्ट्यात बनू लागले.

हजारो घरे त्यावर चालली, हे मान्य केलेच पाहिजे. सातारा, सांगली, कोकण, मराठवाडा, उत्तर प्रदेश, बिहार अशा ठिकाणांहून आलेल्या लोकांना इथे पगारी नोकरी मिळाली. कायम कामगार कंपनीच्या कँटीनमध्ये जेवला, कंत्राटी कामगार गेटबाहेरच्या टपरीवर. पण दोघांच्याही मुलांची शाळा सुटली नाही.

प्रश्न होता उरलेल्या मालाचा. रासायनिक प्रक्रियेत उत्पादनाबरोबर गाळ, आम्लयुक्त पाणी, वापरून झालेले तेल, डांबरासारखा चिकट मळ, वाया गेलेला उत्प्रेरक असे बरेच काही निघते. ते टाकायचे कुठे? महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९६९ साली केला आणि १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ नेमले. केंद्राचा जल कायदा १९७४चा. पण हे कायदे मुख्यतः वाहत्या पाण्यासाठी होते. घातक घन कचऱ्यासाठी देशात पहिले स्वतंत्र नियम झाले ते १९८९ साली, भोपाळच्या दुर्घटनेनंतर. असा कचरा शास्त्रशुद्ध पद्धतीने पुरण्याची आणि जाळण्याची सामायिक सोय महापे आणि तळोजा इथे उभी राहायला त्यानंतरही वर्षे गेली.

म्हणजे पहिली वीसएक वर्षे कारखाने चालू होते आणि त्यांच्या घातक कचऱ्यासाठी स्वतंत्र नियमच नव्हता. अशा काळात जगभर जे घडले तेच इथेही घडणे स्वाभाविक होते. आवारातला खड्डा, मागचा नाला, डोंगराकडची दगडखाण, खाडीची भरती. त्या काळी हे गुन्ह्यात मोडत नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. पण गुन्हा नव्हता म्हणून विष निष्प्रभ होत नाही.

खाडीच्या बाबतीत पुरावा लवकर हाती आला. १९८१ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ठाण्याच्या खाडीतील पाऱ्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. पारा येतो कुठून? मिठाच्या पाण्यातून वीज सोडून कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन काढतात. त्या काळी देशात बहुतेक ठिकाणी या प्रक्रियेत पाऱ्याचा थर वापरत. त्यातला थोडा पारा प्रत्येक फेरीत सांडपाण्यातून, गाळातून बाहेर पडायचा. ज्या खाडीकाठी मीठ पिकत होते, तिथेच मिठाचे रसायन करताना पारा मोकळा झाला.

पाऱ्याची खोड अशी की तो नष्ट होत नाही. चिखलातील जिवाणू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात, ते किड्यांतून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्या माशांत आणि तिथून माणसात साठत जाते. जपानच्या मिनामाता गावाने हे १९५६ पासून भोगले. तिथल्या उपसागरातील सुमारे १५ लाख घनमीटर गाळ उपसून, बांध घालून त्याखाली गाडला गेला आणि वर ५८ हेक्टर नवी जमीन तयार झाली. हे काम १९७७ ते १९९० असे तेरा वर्षे चालले. आज तिथे उद्यान आहे. खाली काय आहे हे त्या गावातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते, कारण मिनामाताने ते लपवले नाही.

कुलूप लागले, काच आली

१९९१ नंतर आयात शुल्क उतरू लागले. नोसिलसारखा जुना, लहान क्षमतेचा क्रॅकर परदेशी मालापुढे आणि हजिऱ्यासारख्या प्रचंड नव्या प्रकल्पांपुढे टिकणे कठीण झाले. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आणि दोन हजारच्या सुरुवातीला या पट्ट्यात एकामागून एक कुलपे लागली. कुणी स्वेच्छानिवृत्ती घेतली, कुणी देणी मिळवण्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या.

त्याच सुमारास, १९९८ साली राज्याने माहिती तंत्रज्ञान धोरण आणले आणि आयटी इमारतींना चटईक्षेत्राची सवलत मिळाली. २००४ साली ठाणे-वाशी लोकल सुरू झाली. जो भूखंड कारखाना म्हणून तोट्यात होता, तो जागा म्हणून सोन्याच्या भावाचा झाला.

मुंबईच्या गिरणगावातही हेच घडले. तिथे १९८२च्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनीवरून मोठा संघर्ष झाला आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयात त्याचा निकाल लागला. जमिनीतला किती वाटा कामगारांना, किती मोकळ्या जागेला, किती मालकाला, यावर रान उठले. ठाणे-बेलापूर पट्ट्यात तेवढेही झाले नाही. कामगार विखुरलेले होते, गावे आपल्या घरांच्या नियमितीकरणात अडकली होती. भूखंडांचे हस्तांतरण गाजावाजा न होता पार पडले.

इथे एक कायदेशीर तपशील महत्त्वाचा आहे. एमआयडीसी कारखानदाराला जमीन विकत नाही, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. मूळ मालक सरकारी महामंडळच राहते. भूखंड एका कंपनीकडून दुसरीकडे जाताना महामंडळाची परवानगी लागते, शुल्क भरावे लागते, थकबाकी तपासली जाते. याचा अर्थ प्रत्येक हस्तांतरणात एक सरकारी टेबल असे आहे, जिथे मालक या नात्याने महामंडळ विचारू शकते की माझी जमीन तुम्ही कोणत्या अवस्थेत परत करता आहात. घर भाड्याने देणारा साधा माणूसही भाडेकरू निघताना भिंती बघतो, नळ बघतो. मग इथे मातीचा आणि भूजलाचा अहवाल ही हस्तांतरणाची पहिली अट का असू नये?

मोठ्या बांधकामांना २००६च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते, हे खरे. पण त्या मंजुरीचा रोख मुख्यतः नवी इमारत किती पाणी घेईल, किती कचरा करेल, वाहतूक किती वाढवेल याकडे असतो. आधीच्या भाडेकरूने खाली काय ठेवले, हा त्यातला दुय्यम प्रश्न राहतो.

आणि मग तळघराचे खोदकाम सुरू होते. दोन-तीन मजले खाली जाणाऱ्या खड्ड्यातून हजारो डंपर माती निघते. ती माती कुठेतरी भराव म्हणून पडते. सखल भागात, खाडीकाठच्या तिवरांत, नाहीतर एखाद्या नव्या वस्तीच्या पायात. माती तपासलेली नसेल, तर आपण भूखंड साफ केला की विषाचा पत्ता बदलला, हे कसे सांगणार?

भंगाराच्या वाटेने

बंद कारखान्यातून पहिल्यांदा बाहेर पडते ते भंगार. टाक्या, पाइप, पंप, ट्रान्सफॉर्मर, उष्णतारोधक आवरणे. ते कापायला गॅस कटर घेऊन जाणारा आणि गाळ्यात बसून वर्गवारी करणारा माणूस बहुधा उत्तर प्रदेश-बिहारचा किंवा मराठवाड्याचा स्थलांतरित असतो आणि त्यात मुसलमान व दलित फार मोठ्या संख्येने असतात. कुर्ल्यापासून तुर्भ्यापर्यंतचे भंगाराचे गाळे पाहिले की हे समजायला जनगणनेची गरज पडत नाही. आपल्या समाजात या धंद्याची चेष्टा होते, आता तर संशयानेही पाहिले जाते. पण शहराचा औद्योगिक मळ पहिल्यांदा हातात घेतो तो हाच माणूस, बहुतेकदा हातमोज्यांशिवाय.

कोडाईकनालचे प्रकरण उघड झाले ते भंगाराच्याच दुकानातून. तिथे हिंदुस्तान लिव्हरचा थर्मामीटरचा कारखाना होता. अमेरिकेतील वॉटरटाउन इथला बंद झालेला कारखाना ऐंशीच्या दशकात उचलून तिथे आणला होता. २००१ साली स्थानिक कार्यकर्त्यांना गावातल्या भंगाराच्या गोदामात पाऱ्याने माखलेल्या फुटक्या काचेचे ढीग सापडले आणि कारखाना बंद झाला. त्यानंतर माती किती साफ करायची, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. प्रदूषण मंडळाने एक किलो मातीत २० मिलिग्रॅमपर्यंत पारा चालेल अशी मर्यादा मान्य केली. कार्यकर्त्यांचे म्हणणे होते की हा जंगलाचा आणि तलावाचा भाग आहे, इथे मर्यादा याहून कितीतरी कडक हवी. माजी कामगारांशी कंपनीची तडजोड झाली ती २०१६ साली.

या वादातून सामान्य माणसाने शिकण्यासारखे बरेच आहे. ‘साफ’ या शब्दाला एकच अर्थ नसतो. काँक्रीटने झाकलेल्या पार्किंगसाठी जे चालते ते मुलांच्या मैदानाला चालत नाही. जिथे लोक विंधन विहिरीचे पाणी पितात, तिथे मोजमाप आणखी वेगळे. उपायही वेगवेगळे असतात. विषारी माती खोदून सुरक्षित भूभरावात नेणे, जागेवरच वरून अभेद्य थर घालून झाकणे, तापवून पारा वेगळा करणे, तेल खाणारे जिवाणू सोडणे, दूषित भूजल वर्षानुवर्षे उपसून शुद्ध करणे. कोणता उपाय निवडायचा हे जमिनीच्या पुढच्या वापरावरून ठरते. आणि पुढचा वापर कोण ठरवतो, यावर सगळे राजकारण उभे आहे.

भोपाळहून पीथमपूरला

भारतात औद्योगिक जमिनीच्या सफाईची सगळ्यात लांबलेली कहाणी भोपाळची. २-३ डिसेंबर १९८४च्या रात्रीचा वायू सगळ्यांना आठवतो. पण युनियन कार्बाइडच्या आवारातला आणि मागच्या बाष्पीभवन तळ्यांतला कचरा त्याआधीपासून जमिनीत मुरत होता. अटल अय्यूब नगर, आरिफ नगर, ब्लू मून कॉलनी अशा वस्त्यांतील गरीब मुसलमान आणि दलित कुटुंबे त्या भूजलावर जगत होती. वायू ज्यांना चुकला त्यांना पाण्याने गाठले. शेवटी सर्वोच्च न्यायालयाला २००४ साली या वस्त्यांना शुद्ध पाणी देण्याचा आदेश द्यावा लागला.

आवारातला गोळा करून ठेवलेला ३३७ टन कचरा हलला तो जानेवारी २०२५ मध्ये. चाळीस वर्षांनी, तेही उच्च न्यायालयाने खडसावल्यावर. बारा कंटेनर बंदोबस्तात पीथमपूरला गेले आणि जूनअखेर तो कचरा तिथल्या भट्टीत जाळून संपवला. पीथमपूरच्या लोकांनी रस्त्यावर उतरून विरोध केला. त्यांचा सवाल साधा होता: भोपाळचे विष आमच्याच दारात का? आणि भोपाळच्या आवाराखालची माती व पाणी अजून जिथल्या तिथे आहे.

राजस्थानच्या बिछडी गावाचेही असेच. रंगांच्या कारखान्यांतील ‘एच ॲसिड’च्या गाळाने गावच्या विहिरींचे पाणी तांबूस झाले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई करावी’ हे तत्त्व ठणकावून सांगितले. तो निकाल कायद्याच्या पुस्तकांत गाजला. पण कारखानदारांनी पैसे भरण्याचे टाळले आणि २०११ साली न्यायालयाला पुन्हा व्याजासकट वसुलीचा आदेश काढावा लागला. निकाल गावाच्या बाजूने लागूनही विहीर साफ व्हायला पंधरा वर्षे पुरली नाहीत.

एका डॉलरचे खरेदीखत

अमेरिकेत या विषयाचा कायदा झाला तो एका वस्तीमुळे. नायगारा फॉल्स शहरात ‘लव्ह कॅनॉल’ नावाचा अर्धवट कालवा होता. हूकर केमिकल कंपनीने १९४२ पासून त्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा टाकला, वर माती पसरली आणि १९५३ साली ती जमीन शाळा मंडळाला अवघ्या एका डॉलरला दिली. खरेदीखतात एक कलम होते: या जमिनीत रासायनिक कचरा आहे आणि पुढे काही झाले तर कंपनी जबाबदार नाही. वर शाळा झाली, घरे झाली. घरे घेणाऱ्या कामगार कुटुंबांना ते कलम कुणी वाचून दाखवले नाही. १९७८ साली तळघरांतून काळा द्रव झिरपू लागला, मुले आजारी पडू लागली, तेव्हा लोइस गिब्ज नावाच्या एका गृहिणीने दारोदार फिरून आजाऱ्यांची यादी केली. त्या आंदोलनातून १९८० साली ‘सुपरफंड’ कायदा आला. जमीन कुणी दूषित केली ते शोधा, त्याच्याकडून वसूल करा आणि दूषित जागांची यादी जाहीर करा, हा त्याचा गाभा. १९८७च्या एका अहवालाने पुढे दाखवून दिले की घातक कचऱ्याच्या जागा काळ्या आणि इतर अल्पसंख्य वस्त्यांजवळ जास्त आहेत.

हे खरेदीखत वाचताना मला आपला सातबारा आठवतो. गाव नमुना सातवर जमिनीचा मालक असतो. ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचे कर्ज, बँकेचा बोजा, कुळाचे नाव, वाटेचा हक्क असे सगळे चढते. पाच हजारांचे पीककर्ज फेडले नाही तरी त्याची नोंद तीन पिढ्या पाठ सोडत नाही. नमुना बारावर कोणत्या हंगामात कोणते पीक घेतले, तेही लिहिलेले असते. शहरात याची जागा मिळकत पत्रिका घेते. पण या जमिनीत तीस वर्षे कोणते रसायन मुरले, यासाठी यांपैकी कशावरही रकाना नाही. पिकाची नोंद ठेवणारे राज्य विषाची नोंद ठेवत नाही.

नोंद नाही म्हणून जबाबदारी नाही. मूळ कंपनी बंद झाली, तिचे नाव बदलले, ती दुसरीत विलीन झाली. नवा धारक म्हणतो, मी काही टाकलेले नाही. महामंडळ म्हणते, आम्ही भूखंड दिला होता. बोजा मात्र कुणावर तरी राहतोच. तो राहतो आसपासच्या पाण्यावर आणि ते पाणी पिणाऱ्यांवर.

नवे नियम आणि जुनी वस्ती

डिसेंबर २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक समूहांची प्रदूषणाच्या निर्देशांकावर वर्गवारी केली. सत्तरच्या वर गुण म्हणजे गंभीर प्रदूषित. नवी मुंबईला ७३.७७ गुण मिळाले. काही काळ नव्या प्रकल्पांवर बंदी आली, पुढे उठली. २०१७च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात निळी कुत्री दिसली, तेव्हा जगभर फोटो फिरले. कासाडी नदीकाठचे कोळी आणि तळोजे-पाचनंदसारख्या गावांतले कोकणी मुसलमान त्याआधी कित्येक वर्षे पाण्याच्या वासाबद्दल बोलत होते. त्यांचे कुणी ऐकले नाही, कुत्र्यांचा रंग मात्र दिसला.

२४ जुलै २०२५ रोजी केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांचा सहामाही अहवाल द्यायचा, राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी आणि नंतर सविस्तर तपासणी करायची, दूषित ठरलेली जागा जाहीर करायची, जबाबदार कोण ते शोधायचे आणि सफाईचा खर्च त्याच्याकडून घ्यायचा. जबाबदार सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसेल, तर सरकारने करायचे. त्या वेळी देशात १०३ जागा दूषित म्हणून नोंदलेल्या होत्या आणि प्रत्यक्ष सफाई सुरू झाली होती ती अवघ्या सात ठिकाणी. एकदा जागा दूषित ठरली की ती अमुक मुदतीत साफ झालीच पाहिजे, असे बंधन मात्र या नियमांत नाही. आपल्याकडे मुदत नसलेल्या कामाचे काय होते, हे वेगळे सांगायला नको.

आता या पट्ट्यातल्या माणसांकडे पाहू. तुर्भे स्टोअर, इंदिरानगर, चिंचपाडा, यादवनगर, दिघ्यातले पाडे या वस्त्या मोठ्या प्रमाणात एमआयडीसीच्याच जमिनीवर, कारखान्यांच्या भिंतींना टेकून उभ्या आहेत. खाणकामगार, नाका कामगार, भंगारवाले, घरकाम करणाऱ्या बाया. त्यात दलित आहेत, भटके आहेत, मुसलमान आहेत, उत्तर भारतीय आहेत. दिघ्यात २०१५-१६ मध्ये ९९ बेकायदा इमारतींचे प्रकरण उच्च न्यायालयात गाजले. शेकडो कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्पर पणाला लागले. त्या वादात जमीन कुणाची, बांधकाम अधिकृत की अनधिकृत, यावर कागदांचे ढीग पडले. त्या जमिनीवर राहणे आरोग्याला सुरक्षित आहे का, हा प्रश्न कागदावर आलाच नाही.

आज या वस्त्यांच्या पुनर्वसनाची चर्चा आहे. पुनर्वसन झालेच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण गरिबांसाठी इमारत बांधायची जागा निवडताना सगळ्यात स्वस्त, सगळ्यात नकोशी जागा निवडली जाते, हा अनुभव ताजा आहे. मुंबईतल्या प्रकल्पग्रस्तांना माहुलमध्ये तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी नेऊन ठेवले आणि लोक आजारी पडू लागल्यावर उच्च न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला. नवी मुंबईत तीच चूक जमिनीखालून होऊ शकते. वर नवी कोरी सदनिका आणि खाली जुना गाळ.

या शहराला सफाई जमत नाही असेही नाही. कोपरखैरण्याची जुनी कचराभूमी महापालिकेने शास्त्रीय पद्धतीने बंद केली, झाकली आणि तिच्यावर निसर्ग उद्यान उभे केले. आज तिथे लोक फिरायला जातात. तो कचरा डोळ्यांना दिसत होता, नाकाला येत होता, म्हणून त्याच्यावर पैसा खर्च झाला. रासायनिक विषाला अनेकदा वासही नसतो. त्याला दिसायला लावायचे असेल तर आधी त्याची नोंद करावी लागेल.

म्हणून मागणी मोठी नाही. टीटीसी आणि तळोज्यातील प्रत्येक बंद कारखान्याच्या भूखंडाची माती आणि भूजल तपासून अहवाल जाहीर करावा. हस्तांतरणाच्या वेळी तो अहवाल सक्तीचा असावा. दूषित आढळलेल्या जमिनीच्या मिळकत पत्रिकेवर आणि सातबाऱ्यावर, ‘इतर हक्क’मध्ये, साफ होईपर्यंत तशी नोंद राहावी. काढलेली माती कुठे गेली याची पावती असावी. आणि पुनर्वसनाच्या इमारतीची कुदळ पडण्याआधी तिथे राहणाऱ्यांना त्यांच्या भाषेत तो अहवाल वाचून दाखवावा.

आमच्या घरांत लहानपणापासून ‘अमानत’ हा शब्द कानावर पडतो. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे ठेवायला दिली असेल, तर ती जशी घेतली तशी परत करायची. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी खाजणाची जमीन दिली, ती देशाच्या विकासासाठी म्हणून. ती आज कुणाच्या हातात आहे हे कागदावर सापडते. ती कोणत्या अवस्थेत आहे, एवढे तरी त्या कागदावर लिहा.